खडीसाखरेचा नेम

माझं तोंड फटकळ आहे याबद्दल आमच्या मळ्यात कधी वाद नव्हता. मलाही ते मान्य होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता. लग्न होऊन मी मखमलाबादच्या पुढच्या या मळ्यात आले तेव्हा आमचा गुलाबाचा आणि झेंडूचा पट्टा होता आणि दोन्ही अंगांना द्राक्षबागा. पहाटे फुलं तोडायला बायका यायच्या. पहिलं टोपलं भरायच्या आत मी कोणाची ना कोणाची नक्कल करून त्यांना हसवायचे. हात भरभर चालायचे. सासरे म्हणायचे, सून बोलते म्हणून फुलं लवकर बाजाराला जातात. अशी शाबासकी मिळाल्यावर कोण गप्प बसणार?

पण त्याच तोंडानं मी माझ्या नणंदेचं जमत आलेलं लग्न मोडलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नणंद माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तरी मानानं मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. तिला बघायला एक स्थळ आलं. बागायतदार घर, दारात ट्रॅक्टर, मुलगा एकुलता एक. मुलगा आल्यापासून जाईपर्यंत डोक्यावरची टोपी काढेना. उन्हात ठीक, पण पंख्याखालीही टोपी. देव्हाऱ्यासमोर हात जोडले तेव्हाही टोपी. माझ्या पोटात एक वाक्य तेव्हापासून उड्या मारत होतं. बाकी सगळं छान पार पडलं, मुलगी पसंत आहे हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. पाहुण्यांबरोबर द्यायला फुलं तोडावीत म्हणून मी सासूबाईंबरोबर वाफ्यात गेले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. झेंडू तेव्हा कमरेच्या वर आला होता. मी खाली वाकले आणि आत्याबाईंना म्हणाले, "टोपीखाली दुष्काळ दिसतो. सरकारी पंचनामा करून घ्या आधी, मग पोर द्या."

आत्याबाई हसल्या नाहीत. त्या माझ्या मागे बघत होत्या. मी वळले, तर दोन सऱ्या सोडून मुलाची आई उभी होती. तिला झेंडूचं बी हवं होतं म्हणून ती आमच्या मागोमाग आली होती. तिनं हातातलं फूल खाली टाकलं आणि गाडीकडे चालू लागली. "कळवतो," असं जाताना त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं आणि त्यांनी कधीच कळवलं नाही.

त्या दिवशी आत्याबाई मला बोलतील, चार लोकांत बोलतील, माहेरी निरोप धाडतील अशी मी वाट पाहिली. त्या काहीच बोलल्या नाहीत. घरात कोणीच त्या स्थळाचा विषय काढला नाही. बोलणं तिकडे वळलं की नवरा गप्प व्हायचा. सासरे उठून विहिरीवरची मोटार बघायला जायचे. ताई तर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. मी समजायचं ते समजले. आत्याबाईंनी सगळ्यांना सांगितलंय, आणि माझं तोंड बघायची कोणाची इच्छा नाही म्हणून सगळे मुके झालेत. दिवसभर टकळी चालवणारी मी, पण या एका गोष्टीवर माझ्या तोंडून माफीचा शब्द फुटला नाही. काय बोलणार होते? त्यांना सगळं ठाऊकच आहे असं मी धरून चालले होते.

असं वर्ष गेलं आणि दुसरं स्थळ आलं. काय आनंद झाला म्हणून सांगू. मुलगा सिन्नरकडचा, अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर कामाला. त्यानं ताईला एका लग्नात पाहिलं होतं आणि घरी सांगून टाकलं होतं की करेन तर हिच्याशीच. आता मोठी माणसं येणार, बोलणी करणार, आणि सगळं जुळलं तर त्याच बैठकीत सुपारी फोडणार. आमच्यात सुपारी फुटली की लग्न ठरलं. सुपारी फुटेपर्यंत मात्र सगळं हवेत.

निरोप आला त्या संध्याकाळी मी दिवा लावून देव्हाऱ्यासमोर बसले. खंडोबाचा टाक, बाजूला वाटीत खडीसाखर. मी हात जोडले, पण नेहमीचं मागणं तोंडात येईना. मी सरळच बोलले. म्हटलं, देवा, मी तुझ्याकडे आजवर पाऊस मागितला, लेकरू मागितलं, फुलांना उठाव मागितला. आता एवढंच मागते की माझी जीभ धर. माझ्याच्यानं ती धरवत नाही. सुपारी फुटेपर्यंत तू धर, पुढचं मी बघते.

आणि मग मला ती युक्ती सुचली. देवापुढचा खडा उचलून जिभेखाली ठेवायचा. प्रसाद तोंडात असेपर्यंत बोलायचं नाही, आणि तो चावायचा नाही. आपोआप विरघळला तरच तोंड उघडायचं. देवाचाच खडा, देवाचाच पहारा. मला एवढा हुरूप आला की तिथल्या तिथे पहिला खडा तोंडात टाकला आणि स्वयंपाकघरात गेले. नवऱ्यानं विचारलं, "भाकरी झाल्या का?" मी मान हलवली. तो दचकून दोन पावलं मागे सरला.

बोलणी आठ दिवसांवर होती. ते आठ दिवस मी परीक्षेसारखे काढले, आणि खरं तर फार मजेत काढले. पहाटे बायका फुलं तोडायला आल्या की माझ्या तोंडात खडा. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी एक जण म्हणाली, "काय गं बाई, दात काढलाय का? सुनंसुनं वाटून राह्यलंय." मी हसून टोपलं उचललं. एकदा पंचवटीत फुलं द्यायला गेले तर एक गिऱ्हाईक माझ्या ताज्या गुलाबाला शिळं म्हणालं. समोर दव दिसतंय आणि म्हणे शिळं. माझ्या मनात एकाहून एक सरस चार उत्तरं तयार होती. खडा मोठा होता, हललासुद्धा नाही. गिऱ्हाईक आपणहून वरमलं आणि फुलं घेऊन गेलं. मी परतीच्या जीपमध्ये गालातल्या गालात हसत होते. गप्प राहून जिंकता येतं हे मला तिशीच्या उंबरठ्यावर कळत होतं.

सगळ्यात अवघड गेली ती शेजारची वहिनी. अंगणात पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून आम्ही हार गुंफत होतो. तिनं आवाज खाली आणला आणि वस्तीतल्या एका घरची अशी काही बातमी काढली की माझे कान टवकारले. तिला अर्धीच माहिती होती. उरलेली अर्धी माझ्याकडे होती, आणि ती अर्धी जास्त चांगली होती. खडा विरघळत आला होता. जीभ वळवळू लागली. मी उठले, देव्हाऱ्याकडे जवळजवळ पळत गेले आणि दुसरा खडा तोंडात टाकून परत येऊन बसले. शेजारीण बघतच राहिली. ती बातमी आजही माझ्याच पोटात आहे.

सुपारीच्या दिवशी सकाळपासून माझं मन ठिकाणावर नव्हतं. अंगण सारवलं, सतरंज्या अंथरल्या, दाराला झेंडूचं तोरण बांधलं. वाटीतले सगळ्यात मोठे पाच खडे निवडून मी पदराच्या गाठीला बांधले. पाहुण्यांची जीप फाट्यावर दिसली आणि पहिला खडा जिभेखाली गेला.

मुलाचे वडील साधे, धोतर-टोपीतले, हसऱ्या डोळ्यांचे. मुलगा खाली मान घालून बसलेला, कान लाल. आणि बरोबर त्याची आत्या. तिला पाहिल्या पाहिल्या मी ओळखलं की ही माझ्याच जातकुळीची. दारातूनच तिनं सुरुवात केली. पोह्यांत मीठ कमी. चहात आलं जास्त. घर आडबाजूला. "गुलाबाच्या मळ्यात काटंच लय दिसत्यात," ती म्हणाली. माझ्याकडे या वाक्याला असं उत्तर होतं की तिची बोलतीच बंद झाली असती. मी तिला वाटीभर पोहे आणखी वाढले.

"ही सून मुकी हाय का?" मुलाच्या आत्यानं आत्याबाईंना विचारलं.

"नेम हाय तिचा," माझा नवरा म्हणाला. कसला नेम हे त्यालाही माहीत नव्हतं.

"बरंय. सुना अशाच पायजेत," आत्या म्हणाली. मला इतका गर्व झाला की खडा गिळला जायचा बाकी होता. मनात म्हटलं, देवा, बघतोयस ना.

ताईला आणलं. ती पाटावर बसली, विचारलं तेवढं बोलली. मुलानं हळूच वर पाहिलं आणि परत कान लाल करून घेतले. देण्याघेण्याचा विषय मुलाच्या वडिलांनी हातानंच बाजूला सारला. तांब्याच्या ताटात सुपाऱ्या, हळकुंडं, नारळ मांडून झाले. मी मोजत होते, आता कुंकू, मग सुपारी, मग पेढे. माझ्या तोंडात तिसरा खडा होता आणि बाजी मारल्याचा आनंद छातीत मावत नव्हता.

तेवढ्यात आत्यानं विचारलं, "मागच्या साली एक ठिकाण आलं व्हतं ना पोरीला? ते का मोडलं?"

आत्याबाई म्हणाल्या, "पत्रिका जुळली नाय."

"पत्रिका आधी बघत्यात. घरी येऊन, पोरगी बघून, पोहे खाऊन मग पत्रिका बघत नाय कोणी." आत्याचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "आमच्या कानावर आलंय की पोरीतच काही खोट हाय. काय हाय ते आज सांगा. लपवून द्याल तर पुढं पोरीलाच जड जाईल."

सासऱ्यांनी मान खाली घातली. नवरा इकडे तिकडे बघू लागला. मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "मंग असं करू. आम्ही घरी जाऊन इचार करतो आन् कळवतो."

कळवतो. तो शब्द मी एकदा ऐकला होता. पाटावर ताईची बोटं पदराच्या काठाला पीळ घालत होती. तिच्यात खोट आहे हे कोणीतरी पसरवत होतं, आणि खरी खोट तिच्यापासून चार हातांवर, खांबाला टेकून, तोंडात प्रसाद धरून उभी होती.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच मला सांगितलं की गप्प राहा. मी देवाकडे पाहायचं टाळलं. खडा अजून चांगला हरभऱ्याएवढा होता. थुंकला तर प्रसादाचा अपमान. विरघळायची वाट पाहिली तर जीप निघून जाणार. आठ दिवस ज्या देवाला मी जीभ धर म्हणत होते, त्याला मनातल्या मनात म्हटलं, आता सोड. आणि खडा दाढेखाली घेऊन कडकन फोडला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"पोरीत काही खोट नाही," मी म्हणाले. "खोट माझ्या तोंडात आहे."

आणि सगळं सांगून टाकलं. टोपी, पंखा, देव्हारा, दुष्काळ, पंचनामा, दोन सऱ्या सोडून उभी असलेली मुलाची आई. काही गाळलं नाही, काही सावरून घेतलं नाही. बोलताना इतकं हलकं वाटत होतं की थांबावंसं वाटेना. "ताईला त्यांनी पसंत केलं होतं," मी म्हणाले. "मोडलं ते माझ्यामुळं. तुम्हाला माझ्या तोंडाची भीती वाटत असेल तर मी लग्नात समोर येणार नाही, भांड्यांपाशी बसेन. पण हिला नाव ठेवू नका."

मग आत्यानं विचारलं, "आन् मंग मगापास्नं गप का व्हतीस?"

"देवाला जीभ धरायला सांगितली होती."

"मंग त्यानं सोडली कशी?"

"त्यानं धरलीच होती. मीच सोडवून घेतली."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ थरथरायला लागले, आणि मला वाटलं ती आता मला फाडून खाणार. पण तिच्याआधी मुलाच्या वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. डोकं असं चकचकीत की केसाची खूण नाही. "सूनबाई," ते शांतपणे म्हणाले, "आमचा पंचनामा आजच करून घ्या. पोराचंबी धा वर्सांत हेच व्हनार हाय. मागून तक्रार नको."

आत्याला हसू आवरेना. सासरे हसले, नवरा हसला, मुलगा डोक्यावरून हात फिरवत हसला. आत्या पदरानं डोळे पुसत म्हणाली, "फोडा रे ती सुपारी. घरात निदान एक तरी खरं बोलनारी हाय." सुपारी फुटली. पेढ्यांचा पुडा सुटला. माझ्या अंगात एवढा उत्साह संचारला की ताट उचलून नाचावंसं वाटलं.

ताईला पाहुण्यांनी आणलेली साडी नेसवायला आम्ही तिघी आतल्या खोलीत आलो. मी दार लोटलं आणि आत्याबाईंच्या पाया पडायला वाकले. म्हटलं, "आत्याबाई, मी सगळ्यांसमोर बोलले. पण घरात तर सगळ्यांना माहीत होतंच ना."

"कोणाला माहीत व्हतं?" आत्याबाई म्हणाल्या. "मी कोणालाच सांगितलं नव्हतं."

मला समजेचना. "ह्यांना? मामंजींना?"

"पत्रिकेचं सांगितलं. सगळ्यांना तेच." त्या साडीच्या घड्या मोडत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. "पोर आज ना उद्या दुसऱ्या घरी जानार. तुला हितं जन्म काढायचाय. एकदा घरच्यांच्या मनातून उतरली असतीस तर परत चढली नसतीस."

एक वर्ष. या बाईनं एक वर्ष माझ्यासाठी तोंड शिवून घेतलं होतं, आणि तेही कोणताही खडा तोंडात न ठेवता. मला रडू फुटलं. मी त्यांचे पाय धरले, त्या मला उठवू लागल्या, आणि आम्हा दोघींनाही क्षणभर ताईचा विसर पडला.

ती भिंतीला टेकून उभी होती. नवी साडी तिच्या हातात तशीच होती.

"म्हणजे त्यांनी मला नापसंत नव्हतं केलं?" तिनं विचारलं.

"नाही ताई. पसंत केलं होतं."

"मला वाटलं, माझ्या दातामुळं." तिच्या पुढच्या दातावर एक दात चढलेला आहे. तो तिला शोभतो, असंच मला नेहमी वाटायचं, आणि म्हणून मी त्याबद्दल कधी काही बोललेच नव्हते. "पत्रिकेचं मला खरं वाटलंच नाही. आई माझं मन राखायला सांगते असं वाटलं. वर्षभर मी हात आडवा धरून हसले, वहिनी. आरशात बघायचं सोडलं होतं."

जगातल्या प्रत्येकाची टोपी, चाल, बोलणं टिपणारी मी. माझ्याच घरात, माझ्याच शेजारी बसून हार गुंफणारी ही पोरगी तोंड झाकून हसत होती, आणि मला दिसलं नव्हतं. तिचा अबोला मी राग समजून बसले होते. आत्याबाईही साडी सोडून खाली बसल्या. त्यांनी सुनेला झाकलं होतं, आणि ते झाकताना लेक उघडी पडली, हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.

"चुकलं, ताई," मी म्हणाले.

ताईनं साडी माझ्या हातात दिली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"दिवसभर इतकं बोलता तुम्ही, वहिनी," ती म्हणाली. "त्यात एवढं एक बोलला असता मला."

बाहेरून आत्याची हाक आली की मुलीला लवकर आणा, ओटीचा मुहूर्त टळतोय. मी खाली बसले आणि तिच्या निऱ्या घालू लागले.